म्यान आणि ते शिवणारे हात

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. ही म्हण उच्चारताना त्याच्या डोळ्यांपुढे दोन तलवारी असतात; म्यानाकडे त्याचे लक्ष नसते. वास्तविक ह्या म्हणीत जे कारागिरीचे ज्ञान साठवले आहे, ते म्यानासंबंधीचे आहे. एका पात्यासाठी बेतलेल्या म्यानात दुसरे पाते, मग ते कितीही मोलाचे असो, नीट बसत नाही. ते मध्येच अडते किंवा सैल राहून खुळखुळते. म्यान हे प्रत्येक वेळी एका पात्याचे माप घेऊनच करावे लागते.

हा शब्द मूळचा फारसी. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, म्हणजेच कंबर, आणि शस्त्राचे आवरणही. संस्कृतातील ‘कोश’ हा शब्द तर खजिन्याला, शब्दसंग्रहाला आणि तलवारीच्या घराला सारखाच चालतो. शब्दांनी म्यानाला असा मान दिला, परंतु इतिहासाने दिलेला नाही. वस्तुसंग्रहालयात जावे, तर पात्याविषयी पुष्कळ माहिती मिळते. युरोपातून आलेल्या पात्याची तलवार ती फिरंग. तिच्या पात्यावरचे ठसे वाचून ते कोणत्या देशात घडले, ह्याचाही तर्क जाणकार बांधतात. मुठीच्या घडणीवरून काळ आणि प्रांत ओळखला जातो. म्यान मात्र बहुधा नसतेच. लाकूड किडते, चामडे कुजते, टाका उसवतो. दोन-तीन पिढ्यांत जुने म्यान टाकून नवे शिवावे लागते. पोलाद टिकले म्हणून लोहाराची आणि शिकलगाराची आठवण राहिली. चामडे टिकले नाही, म्हणून ते कमावणाराची आणि शिवणाराची राहिली नाही.

बेळगाव, चिकोडी, निपाणी, अथणी ह्या मुलखात ह्या विस्मृत माणसांचा माग काढणे त्यातल्या त्यात सोपे आहे. कारण चामड्याचे काम येथे कधीच संपूर्ण थांबले नाही. त्याची कारणे भूमीतच आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या रानात हिरडा; पूर्वेस अथणीकडील काळ्या माळावर बाभूळ; मधून वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा आणि कृष्णा ह्यांचे पाणी; आणि जनावरांवर उभी असलेली शेती. कातडे कमावण्यास ह्याहून अधिक काय लागते? एक चुना, तोही जवळच मिळतो.

कमावण्याची येथील जुनी रीत सांगण्यासारखी आहे. ओले कातडे प्रथम चुन्याच्या कुंडात घालतात. त्याने केस सैल होतात. मग केस काढावयाचे, आतील मांस खरवडून टाकावयाचे, आणि चुना जाईतो पुन्हा पुन्हा धुवावयाचे. त्यानंतर बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडे मुरते. एवढ्यावर काम संपत नाही. अर्धवट कमावलेले ते कातडे कडांनी शिवून त्याची पिशवी करतात, ती चौकटीला टांगतात, आणि तिच्यात बाभळीची साल, कुटलेला हिरडा आणि त्यांचा अर्क भरतात. अर्क कातड्याच्या रंध्रारंध्रांतून झिरपून खाली ठिबकत राहतो. खाली साचलेला पुन्हा वरून ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगावयाची, म्हणजे वरच्या भागालाही तेवढेच मिळावे. ह्या सर्व काळात त्या जागेचा वास, ओल आणि मेहनत ज्यांनी सोसली, ती ढोर समाजाची माणसे होत; त्यांच्या हातून तयार कातडे चर्मकाराकडे, समगाराकडे किंवा जीनगराकडे जाई. गावाबाहेर ज्यांना राहावे लागे, त्यांच्या अंगणात टांगलेल्या ह्या पिशव्यांतून गावातील प्रत्येकाच्या पायातील वहाण, बैलाचा चाबूक, विहिरीची मोट आणि पाटलाच्या तलवारीचे म्यान निघत असे.

ह्या माणसांची एक स्मृती मात्र ह्याच जिल्ह्यात जतन झालेली आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती कल्याणास जे शरण जमले, त्यांत डोहर कक्कय्या हे कातडे कमावणाऱ्या समाजातले होते. कल्याणात उत्पात झाला आणि शरण पश्चिमेकडे निघाले, तेव्हा कक्कय्यांनी खानापूर तालुक्यातील कक्केरी येथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. त्यांचेच समकालीन समगार हरळय्या. आपल्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून त्यांनी बसवेश्वरांपुढे ठेवले, अशी त्यांची कथा कन्नड मुलखात घरोघर माहीत आहे. मराठी चर्मकार संत रोहिदासांचे नाव घेतो. भाषा दोन झाल्या तरी रापी आणि आरी एकच.

मराठेशाहीच्या काळात तलवारीचे म्यान म्हणजे निव्वळ चामड्याची पिशवी नसे. पात्याच्या वळणाप्रमाणे दोन पातळ लाकडी फळ्या कोरून काढीत, त्या एकमेकींस चिकटवीत, आणि त्यांवर ओले चामडे ताणून शिवीत. श्रीमंताच्या म्यानावर मखमल चढे. तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ बसे. म्हणजे एका म्यानात सुतार, कासार किंवा सोनार, आणि चामडे जाणणारा, असे तीन हात एकत्र येत. चामडे आणि जडावाचे हे काम पुष्कळदा जीनगर करीत. ‘जीन’ म्हणजे खोगीर. ते घडविणारा तो जीनगर. खोगिराच्या मागणीवर त्यांचे पोट असे, आणि स्वाराला खोगिराबरोबर पट्टा आणि म्यान ही लागेच.

ह्या धंद्यावर पहिला घाव पडला तो लढाईने नव्हे, लढाया संपल्याने. १८१८ साली जनरल मन्‍रो ह्याने बेळगावचा किल्ला घेतला आणि तेथे इंग्रजांची छावणी वसली. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी शस्त्र उचलले. निपाणीकर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर ह्यांनी स्वतःचा किल्ला आणि फौजफाटा बाळगला होता. १८३९ मध्ये ते वारले आणि पुढे त्यांची जहागीर खालसा झाली. जेथे एके काळी शेकडो स्वारांना खोगिरे, पट्टे आणि म्याने लागत, तेथे दसऱ्याच्या सीमोल्लंघनापुरत्या चार तलवारी उरल्या. १८५७ मध्ये हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी तो मानण्याचे नाकारले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फौजेने ते गाव जाळले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जमविलेल्या कन्नड पोवाड्यांत हलगलीचे गाणे आहे. त्यात हत्यारासाठी माणसे मेली. त्या हत्यारांचे आवरण ज्यांनी शिवले, त्यांच्यावर पोवाडा होणे तसे अवघडच.

पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले निकालात काढले. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. सैन्याला लागणारे चामड्याचे सामान कानपूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागले, तेव्हा बेळगावची छावणी दाराशी असूनही येथील कारागिरांच्या वाट्याला फारसे आले नसावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतून, ज्यांतील बेळगावचा खंड १८८४ मध्ये निघाला, जीनगरांचे वर्णन वाचावे. खोगिराची मागणी संपल्यावर ही बुद्धिमान जमात सुतारकाम, ओतकाम, रंगकाम, मूर्तिकाम, घड्याळदुरुस्ती अशा मिळेल त्या कामात शिरली. एखाद्या धंद्याचा अंत झाला की त्यातील कौशल्य हवेत विरते, असे आपण सहज म्हणतो. ते तसे विरत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाऊन बसते.

म्यानाच्या बाबतीत ते मोठ्या पात्याकडून लहान पात्याकडे आले. तलवार गेली, सुरी राहिली. धनगराच्या कमरेची सुरी, नारळ सोलणाराचा कोयता, शिकाऱ्याचा सुरा, खाटकाचे हत्यार, ही कोणत्याही राज्यात लागतातच. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रकायद्यानेही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत धरले. पण घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग ह्यांसाठी घडविलेले सुरे त्यांतून वगळले आहेत. लाकडी फळ्या, मखमल, मोहनाळ हे सर्व गळून पडले आणि राहिले केवळ चामडे व शिवण. काम सोपे झाले असे ह्यावरून वाटेल. प्रत्यक्षात ते कठीण झाले. कारण आता आतून आधार देणारे लाकूड नाही, आणि चामड्यालाच हाड आणि कातडी दोन्ही व्हावे लागते.

असे म्यान हाताने कसे करतात, हे थोडे निवांतपणे पाहण्याजोगे आहे. सुरी समोर ठेवल्यावाचून काम सुरूच होत नाही. पाते कागदावर ठेवून त्याची रेघ काढावयाची. तीत पात्याची जाडी आणि शिवणीची जागा मिळवावयाची. म्हशीचे किंवा बैलाचे जाडसर कातडे घ्यावे. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा ढिला. म्यानाला पाठीचाच हवा. रापीने ते एका दमात कापावे लागते, कारण दुसऱ्यांदा फिरविलेली रापी कड दातेरी करते. मग ते पाण्यात भिजवावयाचे. सालीने कमावलेल्या चामड्याचा गुण येथे दिसतो. भिजले की ते मऊ मातीसारखे होते; सुरीला पातळ कापड गुंडाळून तिच्याभोवती ते दाबले, बोटांनी आणि लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने मुठीची उतरण, पात्याची पाठ ह्यांवर घासले, की ते त्या आकाराचे होते; आणि सावलीत वाळले की तो आकार सोडीत नाही. उन्हात वाळविण्याची घाई करणाराचे चामडे तडकते.

क्रोम देऊन कारखान्यात कमावलेले चामडे येथे फारसे उपयोगी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पद्धत जगात पसरली. महिन्याचे काम तीत दिवसा-दोन दिवसांत होते आणि चामडे मऊ, पाण्याला न जुमानणारे निघते. बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तम. परंतु ते ओले करून दाबले तरी आकार धरीत नाही. हात काढला की पूर्ववत होते. म्हणजे हाताने बेतून केलेल्या म्यानाचे भवितव्य शिवणाराच्या हातापेक्षाही कमावणाराच्या कुंडाशी अधिक बांधलेले आहे. हिरडा आणि बाभूळ गेली तर रापी आणि आरी राहूनही भागणार नाही.

आकार धरला की शिवण. दोन पदर नुसते एकमेकांवर ठेवून शिवले, तर सुरी आत सरकताना धारेने दोराच कापला जातो. म्हणून दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याचीच एक पट्टी घालतात. धार त्या पट्टीवर टेकते, दोरा सुरक्षित राहतो. बाहेरून ती पट्टी केवळ एका रेघेएवढी दिसते. ज्याला ठाऊक नाही त्याला ती दिसतही नाही. आरीने सारख्या अंतरावर भोके पाडावयाची, दोऱ्याला मेण लावावयाचे, आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा काढीत जावयाचे. ह्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. यंत्राच्या शिवणीत एक तुटला की ओळच सुटते. शेवटी कडा पाण्याने ओल्या करून लाकडाने घोटतात आणि चामड्याला तेल पाजतात. परीक्षा साधी असते. म्यान उलटे धरले तर सुरी पडता कामा नये, आणि मूठ धरून ओढली तर अडता कामा नये. ह्या दोन गोष्टींमधले अंतर केसाएवढे आहे, आणि कारागिराची मजुरी त्या केसाबद्दलची आहे.

हेच शहाणपण अन्यत्रही माणसाला सुचले आहे. फिनलंडमधील ‘पुक्को’ ह्या सुरीचे म्यान असेच ओले चामडे पात्याच्या आकाराच्या लाकडी साच्यावर ताणून, मागच्या बाजूस एका शिवणीने शिवतात. तेथे ते घरोघरच्या अभिमानाचा विषय आहे. नेपाळात खुकरी घडवितो कामी, आणि तिचे म्यान करतो सार्की. दोघेही तेथे अस्पृश्य गणले गेलेले. खुकरीचे नाव जगभर झाले. सार्कीचे नाव किती जणांनी ऐकले असेल? बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीची भूमी. सैनिकाच्या कमरेचा पट्टा येथे रोज दिसतो. ह्या प्रश्नाचे मर्म येथील वाचकास सांगावे लागू नये.

कमावणाराच्या कुंडाची गोष्ट निघाली, तर मोटेची आठवण अपरिहार्य आहे. ह्या मुलखातील ढोर आणि चर्मकार ह्यांचा खरा आधार म्यान किंवा वहाण नव्हे. मोट हा होता. विहिरीवरील एका मोटेला आख्खे कातडे लागे, तिची सोंड, नाडा, सोंदूर ह्यांची नित्य डागडुजी करावी लागे, आणि त्याबद्दल बलुते मिळे. मोटेसाठी कुंड पेटते राही, म्हणून म्यानापुरता तुकडाही मिळे. १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. १९१० मध्ये त्यांनी कारखाना औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर नेला. पुढे त्या घराण्याच्या पंपांनी आणि इंजिनांनी विहिरीचे पाणी मोटेविना वर आणले. शेतकऱ्याचे आणि त्याच्या बैलांचे कष्ट वाचले, हे निर्विवाद आहे. कातड्याच्या पिशव्या टांगणाराचे गिऱ्हाईकही त्याच पाण्याबरोबर वाहून गेले, हेही तितकेच खरे.

परंतु केवळ यंत्राला दोष देऊन हा इतिहास पुरा होत नाही. तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही कला ज्या समाजरचनेत वाढली ती अन्यायाची होती. कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये जी परिषद झाली, तिला शाहू छत्रपती उपस्थित होते आणि अध्यक्षस्थानी तरुण डॉ. आंबेडकर होते. पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली; तेथेही बाबासाहेबांचे भाषण झाले. त्या पुढील काळात मेलेले ढोर ओढणे, हीन मानलेली कामे करणे सोडून द्यावे, शाळेत जावे, ही शिकवण गावोगाव पोहोचली. मग कमावणाराच्या मुलाने कुंडाकडे पाठ फिरविली आणि शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी धरली, तर त्याने एक कला बुडविली असे कोण म्हणणार? ज्या हाताला गावाने पाणी दिले नाही, त्या हाताने गावासाठी हिरड्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओतीत राहावे, ही अपेक्षा हस्तकलेच्या प्रेमातून आली तरी ती अपेक्षा जुनीच आहे. हातकामाच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्या लेखांत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

ज्यांनी काम सोडले नाही, ते वहाणांकडे वळले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, चिकोडी, निपाणी, अथणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या त्या प्रश्नाने माणसांच्या मनावर केलेले व्रण सर्वांना ठाऊक आहेत. चामड्यापुरते एवढेच सांगावयाचे, की अथणी-निपाणीकडे शिवलेली वहाण कोल्हापूरच्या बाजारात ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाण्याचा क्रम त्याने मोडला नाही. महाराष्ट्राने १९७४ मध्ये आणि कर्नाटकाने १९७६ मध्ये चर्मोद्योगासाठी आपापले महामंडळ स्थापिले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ज्या बाबतीत दोन सरकारांचे एकमत झाले अशा थोड्या गोष्टींत ह्या चपलेची गणना करावी लागेल. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा ह्या इटालियन पेढीने अशाच घाटाच्या वहाणा मांडल्या आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंनी ओरड झाली. पेढीला तो उगम मान्य करावा लागला.

मानांकन मिळाले ते पादत्राणाला. म्यान, पट्टा, चाबूक, पखाल ही त्याच कातड्याची, त्याच रापीची आणि त्याच दोन सुयांची भावंडे त्या कागदात नाहीत. त्यांच्यासाठी कोणी अर्जही करीत नाही, कारण त्यांचा बाजार नाही. कोणी एकटा गिऱ्हाईक आपली सुरी घेऊन येतो, माप देतो आणि आठ दिवसांनी येतो म्हणून जातो.

पुष्कळ मराठी घरांत अजून एखादी जुनी कट्यार किंवा तलवार असते. तिच्यासंबंधी म्यान शिवणारे एक गोष्ट सांगतात, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हिरड्या-बाभळीचे चामडे हवेतील ओल धरून ठेवते आणि त्यातील आम्ल लोखंडाला गंज चढविते, पितळेवर हिरवी बुरशी आणते. म्हणून पाते वर्षभर म्यानात ठेवू नये. तेल लावून वेगळे ठेवावे, आणि म्यान कोरड्या जागी टांगावे. खंडेनवमीला पाते पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहतात, तेव्हा म्यान बाजूला भिंतीशी असते. त्याच दिवशी चर्मकाराच्या घरी रापी, आरी आणि सुया धुऊन पुसून ओळीने मांडलेल्या असतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी हात लावीत नाही.